सही करण्याआधी : दस्तातील शब्दांचे अर्थ

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

शनिवार पेठेतल्या आमच्या कार्यालयात रोज कोणी ना कोणी टेबलावर कागद ठेवून विचारते, "यात नेमके काय लिहिलेय?" हा प्रश्न सहीच्या आधी विचारला तर पाच मिनिटांचे काम असते. सही झाल्यावर विचारला तर कधी कधी वर्षे जातात. म्हणून नेहमी अडणाऱ्या शब्दांविषयी हे पत्रक. घरी नेऊन निवांत वाचा.

साठेखत आणि खरेदीखत

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. साठेखत म्हणजे "अमुक किमतीला, अमुक अटींवर ही मिळकत तुम्हाला विकेन" असा करार. खरेदीखत म्हणजे "विकली". मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 च्या कलम 54 मध्ये स्वच्छ म्हटले आहे की, विक्रीच्या नुसत्या कराराने मिळकतीत हक्क निर्माण होत नाही.

कोथरूडच्या एक काकू फ्लॅट विकायचा म्हणून फाइल घेऊन आल्या. मिळकतकराच्या पावत्या, वीजबिल, बँकेचा कर्ज फिटल्याचा दाखला, सगळे प्लॅस्टिकच्या पिशवीत वर्षवार लावलेले. फ्लॅट त्यांनी जुन्या मालकाकडून पंधरा वर्षांपूर्वी घेतला होता. दस्त उघडला, तर पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत 'साठेखत'. आत एक कलम : 'संपूर्ण मोबदला मिळताच लिहून देणार हे खरेदीखत नोंदवून देतील.' पैसे दिले, किल्ली मिळाली, आणि ते खरेदीखत राहूनच गेले. मधल्या काळात मूळ मालक वारले. त्यांची तीन मुले, त्यातला एक अमेरिकेत. सगळ्यांच्या सह्या जमवून खरेदीखत व्हायला आठ महिने लागले. मुले भली होती म्हणून आठच.

मुद्रांक शुल्क पुन्हा भरावे लागेल या भीतीने अनेक जण खरेदीखत टाळतात. साठेखतावर भरलेले शुल्क खरेदीखताच्या वेळी वजा होते, त्यामुळे हे भय अनाठायी आहे. बिल्डरकडून नवा फ्लॅट घेताना मात्र वेगळी रीत असते : तिथे नोंदणीकृत करारनामा होतो, आणि पुढे सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण (जमीन आणि इमारत रीतसर तिच्या नावे करणे) किंवा प्रत्येकाच्या नावे 'डीड ऑफ अपार्टमेंट' (आपापल्या फ्लॅटचा मालकी दस्त) होते. पुण्यात हा दुसरा प्रकार बराच आढळतो. तुमच्या इमारतीत कोणता आहे आणि तो पूर्ण झाला का, हे जरूर विचारा. घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या रेरा कायद्यानुसार करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

दस्ताची भाषा

'लिहून देणार' म्हणजे विकणारा, 'लिहून घेणार' म्हणजे घेणारा. 'मोबदला' म्हणजे किंमत. 'चतुःसीमा' म्हणजे चारी बाजूंना काय आहे ते. ही चतुःसीमा जागेवर उभे राहून ताडून पाहा. पूर्वेला रस्ता लिहिलाय आणि समोर दुसऱ्याची भिंत आहे, असे कागद आम्ही पाहिले आहेत.

जमिनीच्या जुन्या दस्तांत 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह' असे येते. पाणी, झाडे, गवत, लाकूड, दगड, इतकेच काय पुरलेले धनसुद्धा, असा त्याचा रोख. आम्हाला ही ओळ फार आवडते. पण तुमच्या कामाची ओळ बहुधा त्याच्या पुढे असते : 'लिहून घेणार यांस कोणतीही तोशीस लागू देणार नाही.' मिळकतीवर कोणी हक्क सांगत आला, तर त्याचे निवारण विकणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने करायचे, असा तिचा अर्थ. ती ओळ दस्तात नसेल तर घालून घ्या.

नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे

नोटरीचा शिक्का सांगतो की सही करणाऱ्याने नोटरीसमोर सही केली. मिळकतीचा हक्क त्याने हलत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकांकडे (दस्त नोंदवणारे सरकारी अधिकारी), म्हणजे आपल्याकडे पुण्यात हवेली तालुक्याच्या कार्यालयांपैकी एकात, दस्त नोंदवावा लागतो. सहीपासून 4 महिन्यांच्या आत तो सादर करायचा असतो. नोंदणी झाली की त्याचा गोषवारा तयार होतो, तो 'इंडेक्स टू'.

भाड्याच्या घराबाबत एक समजूत घट्ट बसली आहे : करार अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही. महाराष्ट्रात हे खरे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार (घर ठरावीक मुदतीसाठी वापरायला देण्याचा नेहमीचा भाडेकरार) लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो कितीही महिन्यांचा असो. जबाबदारी घरमालकाची. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर भाडेकरूने सांगितलेल्या अटी खऱ्या धरल्या जातात, जोवर उलट सिद्ध होत नाही. घरमालकांनो, हे वाक्य दोनदा वाचा.

नॉमिनी आणि वारस

'नॉमिनी मी आहे, म्हणजे फ्लॅट माझा,' यावरून सख्खी भावंडे बोलेनाशी झालेली आम्ही पाहिली आहेत. सोसायटीच्या फ्लॅटचा नॉमिनी हा विश्वस्तासारखा असतो. सोसायटीने व्यवहार कोणाशी करायचा, एवढेच त्याने ठरते. मालकी मृत्युपत्राप्रमाणे जाते, आणि मृत्युपत्र नसेल तर वारसांकडे. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही, मुद्रांक शुल्क नाही. तरीही नोंदवून ठेवा असे आम्ही प्रत्येकाला सांगतो.

हक्कसोडपत्र

याविषयी आम्हाला कळकळीने सांगायचे आहे. वडील गेले की लेकींना निरोप येतो, "ताई, फक्त नाव कमी करायला एक सही हवी." ती सही हक्कसोडपत्रावर असते. म्हणजे त्या मिळकतीतला स्वतःचा हिस्सा कायमचा सोडणे. वडिलोपार्जित मिळकतीत हिंदू कुटुंबातल्या मुलींना मुलांइतकाच हक्क हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने दिला आहे, आणि महाराष्ट्राने तर त्या दिशेने 1994 मध्येच कायदा केला होता. हिस्सा भावाला द्यायचा असेल तर आनंदाने द्या. पण काय देतोय ते कळून द्या. एकदा नोंदवलेले हक्कसोडपत्र मागाहून मन बदलले म्हणून रद्द होत नाही. आमच्याकडे असा दस्त आला की आम्ही बहिणींना वेगळे बसवून, भाऊ बाहेर असताना, तो मोठ्याने वाचून दाखवतो. काहींना हे खटकते. पण ही पद्धत आम्ही सोडणार नाही.

थोडक्यात आणखी काही

'सातबारा' हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा अंतिम पुरावा नाही. त्यातला 'इतर हक्क' हा रकाना आधी वाचा, कारण बँकेचा बोजा, कुळाचे नाव तिथेच सापडते. 'फेरफार' म्हणजे ते बदल कशामुळे झाले याची नोंद. 'भोगवटादार वर्ग 2' (विक्रीवर सरकारी बंधन असलेली जमीन) दिसले, तर सरकारच्या परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही. तिथेच थांबून आम्हाला फोन करा. 'कुलमुखत्यारपत्र' म्हणजे तुमच्या वतीने कामे करण्याचा अधिकार. केवळ त्यावर घर विकत घेतले असे होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले आहे.

दस्ताचा कच्चा मसुदा आम्ही सहीच्या किमान दोन दिवस आधी देतो. न कळलेल्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारून आणा. समजावून सांगण्याचे वेगळे पैसे लागत नाहीत.