ला काज ओ फोल

ज्याँ प्वारे या फ्रेंच नट-नाटककाराचे गाजलेले प्रहसन. पिएर माँदी यांच्या दिग्दर्शनाखाली १ फेब्रुवारी १९७३ रोजी ते पॅरिसच्या पॅले-रॉयाल नाट्यगृहात प्रथम रंगमंचावर आले. जॉर्जची भूमिका स्वतः प्वारे यांनी केली, आल्बँची मिशेल सेरो यांनी. दोघांची विनोदी जोडी १९५० च्या दशकापासून पॅरिसच्या कॅबरेंमध्ये जमलेली होती. नाटक वर्षानुवर्षे चालत राहिले आणि प्रयोगांची संख्या १,८०० च्या घरात गेली.

साँ-त्रोपे या दक्षिण फ्रान्समधल्या किनारी गावात जॉर्जचा नाइटक्लब आहे. तिथे पुरुष स्त्रीवेषात गातात-नाचतात. क्लबचे नाव तेच नाटकाचे नाव. तिथली मुख्य तारका ‘झाझा’ म्हणजे आल्बँ, जॉर्जचा वीसेक वर्षांपासूनचा जोडीदार. जॉर्जला एका बाईपासून झालेला मुलगा या दोघांनीच लहानाचा मोठा केला आहे. त्या मुलाचे लग्न ठरते ते एका कर्मठ घरातल्या मुलीशी. व्याही जेवायला येणार, तेव्हा घराचे रूप पालटा आणि आल्बँला तेवढ्यापुरते नजरेआड ठेवा, अशी मुलाची मागणी असते.

पॅले-रॉयालला लाबिश आणि फेदो या जुन्या फ्रेंच नाटककारांच्या प्रहसनांची परंपरा आहे. अशा नाटकांत नवरा कुणाला तरी दाराआड लपवतो आणि लपवण्यासारखे त्याने काहीतरी केलेलेही असते. प्वारे यांनी यंत्रणा तीच ठेवली, पण लपवायला लावला तो एक सुस्थिर संसार. ज्याने मुलाचे आईपण निभावले, त्यालाच त्याच्या घरातून बाहेर जायला सांगितले जाते. नाटकाचे खरे बळ इथे आहे. पाहुण्यांसमोरची धांदल कितीही हसवो, आल्बँचा अपमान प्रेक्षकाच्या मनातून जात नाही. जॉर्ज त्याला ‘पुरुषासारखे’ वागायला शिकवतो तो प्रवेश सर्वांत प्रसिद्ध आहे. कडक टोस्टला लोणी लावायचे एवढेच काम, पण टोस्ट हातात मोडतो आणि आल्बँ कोसळतो. पुरुषीपणा हीदेखील शिकून वठवायची भूमिका आहे, हे इतक्या थोडक्यात क्वचितच कुणी रंगमंचावर दाखवले असेल.

त्या काळच्या फ्रान्समध्ये १९६० च्या एका कायदादुरुस्तीने समलैंगिकतेला सामाजिक अरिष्टांच्या यादीत टाकलेले होते. संमतिवयातला भेदभाव १९८२ पर्यंत टिकला. समलिंगी चळवळीतल्या अनेकांना मात्र हे नाटक खटकले. आल्बँचे किंचाळणे, मुरडणे, रुसणे यांतून जुनाच साचा पक्का होतो, हा त्यांचा आक्षेप. तो खोटा नाही. काही हशे निव्वळ बायकी हावभावांवरच वसूल केलेले आहेत. तरीही दोन पुरुषांचे मुरलेले नाते, त्यातल्या कुरबुरी आणि जिव्हाळ्यासह, मध्यमवर्गीय प्रेक्षकाने आपलेसे केले ते याच नाटकामुळे.

एदुआर मोलिनारो यांनी १९७८ मध्ये त्यावर चित्रपट केला. सेरो यांच्यासोबत उगो तोन्यात्सी होते आणि जॉर्जचे नाव रेनातो झाले. पत्रकारांनी घेरलेल्या कर्मठ व्याह्याला अखेर स्त्रीवेषातच पळ काढावा लागतो. सेरो यांना अभिनयाचा सेझार हा फ्रेंच चित्रपट पुरस्कार मिळाला आणि चित्रपटाला ऑस्करची तीन नामांकने.

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरील संगीतिका १९८३ मध्ये आली. संहिता हार्वी फायरस्टीन, गीत-संगीत जेरी हर्मन, दिग्दर्शन आर्थर लॉरेन्ट्स. तिचे १,७६१ प्रयोग झाले आणि सहा टोनी हे अमेरिकी नाट्यपुरस्कार मिळाले. दूर राहायला सांगितल्यावर आल्बँ ‘आय ॲम व्हॉट आय ॲम’ गातो, आणि पहिला अंक तिथेच संपतो. न्यूयॉर्कमध्ये एड्सची साथ पसरत असतानाच्या त्या वर्षांत हे गाणे नाट्यगृहाबाहेर पडले आणि समलिंगी हक्कांच्या मेळाव्यांत गायले जाऊ लागले. संगीतिकेच्या २००४ आणि २०१० च्या दोन्ही पुनरुज्जीवनांना टोनी मिळाला. माइक निकोल्स यांनी १९९६ मध्ये ‘द बर्डकेज’ या चित्रपटात हीच कथा मायामीत नेली. त्यात रॉबिन विल्यम्स आणि नेथन लेन होते.