स्तनपानातील स्तनदाह

बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईच्या स्तनातील ऊतींना येणारी सूज म्हणजे स्तनदाह. दूध सुरू असेपर्यंत तो कधीही होऊ शकतो, पण बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तो जास्त आढळतो. स्तनाचा एक भाग, बहुधा पाचरीच्या आकाराचा, कडक आणि गरम होतो, लाल दिसतो आणि हात लावू देत नाही. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही. तिथे ऊब आणि ठणका यांवरूनच ओळखावे लागते. सोबत थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते. पुष्कळ बायकांना आधी फ्लूच झाला असे वाटते आणि छातीकडे लक्ष नंतर जाते.

‘दुधाची गाठ अडकली, ती फोडून काढली पाहिजे’ ही समजूत फार जुनी आहे. स्तनाची रचना मात्र एका नळीत बूच बसावे अशी नसते. दुधाच्या नलिका असंख्य, बारीक आणि एकमेकींत गुंतलेल्या असतात. भोवतालच्या ऊतींना सूज आली, रक्त आणि लसिका (ऊतींमधून वाहणारा पाण्यासारखा द्रव) साचली, की या नलिका बाहेरून दाबल्या जाऊन अरुंद होतात. हाताला गाठ लागते ती या सुजेची. मग ती जोराने चोळली, तर नाजूक ऊतींना इजा होऊन सूज वाढते.

उपचारांची दिशा यामुळेच बदलली. जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली स्तनदाहावर काढलेल्या पुस्तिकेत साचलेले दूध नीट बाहेर काढण्यावर मुख्य भर होता. अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या संस्थेने २०२२ साली दिलेल्या मार्गदर्शनात सूज उतरवण्याला पहिले स्थान मिळाले. स्तन ‘रिकामा’ करण्याच्या खटाटोपात दूध काढायचा पंप वारंवार लावला, की शरीर तेवढी मागणी आहे असे समजून आणखी दूध तयार करते आणि दाब पुन्हा वाढतो. तापाने फणफणलेल्या आईला दर दोन तासांनी पंप लावायला सांगणे म्हणूनच दुहेरी अन्याय आहे: तिची झोप जाते आणि आजारही लांबतो.

पाजणे थांबवायचे नाही, वाढवायचेही नाही. बाळ मागेल तसे, दोन्ही बाजूंना, नेहमीप्रमाणे पाजावे. दुखऱ्या बाजूचे दूध बाळाला चालते. त्याने बाळ आजारी पडत नाही. सुजेमुळे दुधातले सोडियम वाढून ते थोडे खारट लागते, त्यामुळे एखादे बाळ त्या बाजूला तोंड फिरवते. तेव्हा हाताने आराम पडेल इतकेच दूध काढावे. कापडात गुंडाळलेला बर्फ किंवा थंड पट्टी थोडा थोडा वेळ ठेवल्याने ठणका कमी होतो. गरम शेकाने काहींना बरे वाटते, पण त्याने रक्तपुरवठा वाढून सूजही वाढू शकते. इबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल ही औषधे स्तनपान करताना घेता येतात. इबुप्रोफेन दुखणे आणि सूज दोन्हींवर काम करते. हात फिरवायचाच असेल, तर त्वचेवरून अलगद, काखेकडे आणि गळ्याच्या हाडाकडे. स्तनाग्रावर पांढरा ठिपका दिसला तरी तो सुईने टोचू नये.

प्रत्येक स्तनदाहात जंतुसंसर्ग नसतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी प्रतिजैविक लागतेच असे नाही. घरच्या उपायांनी २४ तासांत उतार पडला नाही, ताप चढत राहिला किंवा लाली पसरत गेली, तर डॉक्टरांना दाखवावे. आई फारच गळून गेली असेल, तर २४ तासही थांबू नये. संसर्ग असल्यास बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू सापडतो. त्यावर क्लॉक्सासिलिनच्या गटातील औषधे किंवा सेफॅलेक्सिन देतात, साधारण १० ते १४ दिवस. बरे वाटले म्हणून ती मध्येच सोडू नयेत.

उपचार होऊनही एका जागी टणक, दुखरी गाठ राहिली, तर आत गळू झाल्याची शक्यता असते. सोनोग्राफीत ते दिसते आणि अनेकदा सुईनेच पू काढता येतो. त्यानंतरही त्या बाजूने पाजता येते. गाठ किंवा लाली काही केल्या जात नसेल, तर पुढची तपासणी टाळू नये. क्वचित स्तनाचा दाहक कर्करोग असाच दिसतो.

बाळ स्तनाला नीट लागत नसेल, स्तनाग्रांना चिरा असतील, गरजेपेक्षा जास्त दूध येत असेल किंवा पाजणे एकदम बंद केले असेल, तर स्तनदाहाचा धोका वाढतो. पंपाचा चुकीच्या मापाचा फनेल आणि घट्ट अंतर्वस्त्रेही त्रास देतात. बाळाने फक्त बोंड न धरता भोवतालचा गडद भागही तोंडात घेतला, तर चिरा टळतात.

एवढ्या वेदनेनंतर एखाद्या आईला पाजणे सोडावेसे वाटले, तर तो निर्णय तिचाच आहे. फक्त ऐन दुखण्यात दूध एकाएकी तोडू नये. सूज उतरल्यावर एकेका वेळेचे पाजणे कमी करत गेले, तर स्तनांत दूध साचत नाही.