लिनक्स व्हर्च्युअल मशिनचा स्क्रीन लहानच का राहतो: थोडी पार्श्वभूमी

व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरचा दुसरा संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशिन, चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) लिनक्स टाकलं की पुष्कळदा डेस्कटॉप ८०० बाय ६०० च्या चौकोनात आखडून बसतो आणि बाकीची खिडकी काळीच राहते. शोधायला गेलं तर उपाय ढीगभर, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. कोणी कॉन्फिग फाइल लिहायला सांगतो, कोणी एक्सरँडआर ही स्क्रीनचा आकार बदलणारी कमांड चालवायला, कोणी मशिनच्या आत टाकायचे जोड-प्रोग्रॅम, म्हणजे गेस्ट अ‍ॅडिशन्स टाकायला. यातले बहुतेक सल्ले बरोबरच आहेत, फक्त वेगवेगळ्या काळातले आहेत.

स्क्रीनवर खिडक्या आणि चित्रं दाखवणाऱ्या, एमआयटीत जन्मलेल्या एक्स विंडो सिस्टिमची (थोडक्यात एक्स) अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये आली. लिनक्सवर ती पोहोचली एक्सफ्री८६ या तिच्या मुक्त रूपातून. तेव्हाचा स्क्रीन म्हणजे टेबलावरचा जाडजूड मॉनिटर, त्याचा आकार अधेमधे बदलण्याचा प्रश्नच नव्हता. त्याला किती वारंवारता झेपते हे मॅन्युअलमध्ये बघून वापरणाऱ्यानेच फाइलमध्ये लिहायचं. स्क्रीनचा आकार आणि वेग, म्हणजे मोड, ठरवणारी ही 'मोडलाइन' म्हणजे पिक्सेल क्लॉक (पिक्सेल पाठवण्याचा वेग) आणि त्यामागे आठ आकडे! ते चुकले तर मॉनिटर खराब होऊ शकतो, असा इशाराही असायचा. १९९४ मध्ये व्हेसा या डिस्प्लेची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ईडीआयडी हे मानक आणलं आणि १२८ बाइटांत मॉनिटर स्वतःच आपली माहिती सांगू लागला.

व्हर्च्युअल मशिनची खरी अडचण इथेच आहे. तिथे ही माहिती सांगायला मॉनिटरच नाही. आहे ती एक खिडकी, आणि ती माउसने हवी तशी ओढता येते. १९९९ मध्ये आलेल्या व्हीएमवेअर या व्हर्च्युअल मशिनच्या सॉफ्टवेअरने प्रत्यक्षात कुठेच नसलेलं ग्राफिक्स कार्ड रचलं आणि त्याच्यासाठी वेगळा ड्रायव्हर दिला. क्यूएमू या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरने मात्र कितीतरी वर्षं सिरस लॉजिक कंपनीच्या नव्वदच्या दशकातल्या कार्डाची नक्कल केली. त्यात मेमरी ४ एमबी, आणि १९२० बाय १०८० च्या चित्राला प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरले तर साधारण ८ एमबी लागतात. तिथे सेटिंगशी कितीही झटापट केली तरी उपयोग नव्हता.

हाच हिशेब व्हर्च्युअलबॉक्सला लावून बघा. १६ एमबीत एक फुल एचडी स्क्रीन आरामात मावतो. म्हणून 'व्हिडिओ मेमरी १२८ एमबी करा' हा सर्रास दिला जाणारा सल्ला मला निम्माच पटतो. फोर-के, दोन स्क्रीन किंवा थ्रीडी असेल तर ठीक. एरवी दोष दुसरीकडेच असतो.

एक्स चालू असतानाच आकार बदलण्याची सोय कीथ पॅकर्ड आणि जिम गेटिस यांच्या रँडआर या विस्ताराने आली. त्यांनी तो २००१ मध्ये मांडला. २००७ च्या १.२ आवृत्तीने नवा मोड तिथल्या तिथे जोडता येऊ लागला. सीव्हीटी कमांडने मोडलाइनचे आकडे काढा, एक्सरँडआरचे न्यूमोड आणि अ‍ॅडमोड चालवा, ही आजही फिरणारी कृती तेव्हापासूनची. लॉगआउट केलं की ती पुसली जाते, हे सांगायला मात्र बरेच जण विसरतात.

पुढे कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, २००९ मधल्या २.६.२९ आवृत्तीपासून मोड ठरवण्याचं काम त्याच्याकडे जाऊ लागलं. व्हर्च्युअलबॉक्सचा ड्रायव्हर तेव्हा कर्नेलबाहेर होता. गेस्ट अ‍ॅडिशन्स टाकताना तो तिथेच कंपाइल व्हायचा. कर्नेल अपडेट झाला आणि त्याचे हेडर (कंपाइल करायला लागणाऱ्या फाइली) नसले की ड्रायव्हरचं मॉड्यूल बनत नसे, स्क्रीन परत लहान. काल चालत होतं, आज चालत नाही, या तक्रारींचं मूळ बहुधा हेच. व्हर्च्युअलबॉक्सच्या २०१८ अखेरच्या ६.० आवृत्तीत लिनक्स गेस्टसाठी (आत चालणाऱ्या लिनक्ससाठी) व्हीएमएसव्हीजीए हा ग्राफिक्स कंट्रोलर मूळ पर्याय ठरला. म्हणजे चक्क व्हीएमवेअरच्या कार्डाची नक्कल, कारण त्याचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये आधीच होता. तरीही व्हर्च्युअलबॉक्सची खिडकी ओढल्यावर नवा आकार आत कळवायला गेस्ट अ‍ॅडिशन्सची सेवा लागतेच. केव्हीएम या लिनक्सच्याच व्हर्च्युअल मशिनच्या सोयीमध्ये स्पाइस (स्क्रीन दाखवणारी जोडणी) आणि व्हर्टआयओ-जीपीयू (व्हर्च्युअल ग्राफिक्स कार्ड) असेल, तर आकार बदलला की जणू नवा मॉनिटर लागला अशी खबर कर्नेल देतो. नोम हा डेस्कटॉप त्यावर लगेच हलतो. काही हलके डेस्कटॉप ढिम्म राहतात, तिथे एक्सरँडआरला 'ऑटो' सांगावं लागतं.

त्यातच एक्सच्या जागी वेलँड आलं. फेडोरा २५ या लिनक्सच्या वितरणाने २०१६ मध्ये ते नोमसाठी मूळ पर्याय केलं. वेलँडमध्ये एक्सरँडआरची गाठ फक्त जुन्या अ‍ॅपसाठी ठेवलेल्या एक्सवेलँडशी पडते, त्यामुळे न्यूमोडची सगळी कृती तिथे फुकट जाते. डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये हवा तो आकार दिसत नसेल, तर ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) कर्नेललाच 'व्हिडिओ' हा पर्याय देऊन बघावा.