षड्ज कुठे होता? जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या तुलनेची पार्श्वभूमी

एकाच जुन्या ध्वनिमुद्रिकेच्या तीन प्रती समोर ठेवाव्यात: मूळ लाखेची तबकडी, तिच्यावरून पुढे निघालेली एलपी किंवा सीडी, आणि कुणीतरी इंटरनेटवर चढवलेली फाइल. तिन्ही पेटीशी ताडून पाहिल्या तर षड्ज, म्हणजे गायकाचा ‘सा’, एकाच पट्टीत सापडेल याची खात्री नसते. एकीत तो काळी एकवर बसतो, दुसरीत पांढरी दोनला टेकतो, तिसरीत दोहोंच्या मधेच लटकतो. गायक तर एकदाच गायला होता. जुन्या गायकांच्या आवाजाविषयी, लयीविषयी, श्रुतींविषयी संग्राहकांत जे वाद रंगतात, त्यांतल्या बऱ्याच वादांत आधी एकच गोष्ट विचारायला हवी: तबकडी कोणत्या वेगाने कोरली गेली, आणि आपण ती कोणत्या वेगाने ऐकतो आहोत?

या घोळाची सुरुवात पहिल्या ध्वनिमुद्रणापासूनच होते. ऑक्टोबर १९०२च्या अखेरीस ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्यात आला आणि नोव्हेंबरमध्ये गायिका गौहर जान त्याच्या भोंग्यासमोर गायल्या. तेव्हा वीज नव्हती, मायक्रोफोन नव्हता. भोंग्याच्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला सुई, सुईखाली फिरणारी मेणाची चकती, आणि ती चकती फिरवायला दोरीला लटकवलेले वजन. कोरलेली मेणाची चकती जर्मनीत हॅनोव्हरला जायची, तिथे धातूचे साचे होऊन लाखेच्या तबकड्या छापल्या जायच्या आणि बोटीने परत यायच्या. १९०८मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना सुरू होईपर्यंत हाच क्रम होता. लाख भारतातून जात असे आणि भारतीय गाणे घेऊन परत येत असे. हॅनोव्हरच्या कामगारांना गाणारे कोण हे कळावे म्हणून गाणे संपताच गायक आपले नाव पुकारत. गौहर जान यांचे इंग्रजीतले ‘माय नेम इज गौहर जान’ त्यामुळेच अजरामर झाले. ही पुकार निव्वळ गंमत म्हणून ऐकू नये. षड्ज शोधताना ती फार कामाची ठरते, ते पुढे येईलच.

मिनिटाला ‘अठ्ठ्याहत्तर’ फेरे हा आकडा पुढे पक्का झाला. विजेवरची मोटर आली तेव्हा गिअरच्या दातांच्या हिशेबाने अमेरिकेत मिनिटाला ७८.२६ फेरे ठरले आणि ५० हर्ट्‌झची वीज असलेल्या देशांत ७७.९२. आपल्याकडे दिव्याखाली वेग तपासायचा तर ७७ रेघांची स्ट्रोबची चकती (वेग बरोबर असला की जिच्या रेघा स्थिर दिसतात) लागते, ती यामुळेच. भोंग्याच्या काळात मात्र वजन किती, वंगण किती, हवा किती गरम, यावर वेग ठरे. सत्तरच्या आसपास कोरलेल्या तबकड्या आहेत, ऐंशीच्याही आहेत. घरच्या चावीच्या ग्रामोफोनलाही वेग कमीजास्त करायचा स्क्रू असायचा, म्हणून त्या काळच्या ऐकणाऱ्याला याची फारशी अडचण वाटली नाही. आपल्याला वाटते, कारण आपण मोजतो.

हिशेब सोपा आहे. वेग सुमारे ६ टक्क्यांनी वाढला की स्वर पूर्ण अर्ध्या स्वराने चढतो, म्हणजे पेटीची एक पट्टी. ७३.६ फेऱ्यांनी कोरलेली तबकडी ७८ने लावली की काळी एकचा गायक पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो. लयही तितकीच चढते, मिनिटाला १६० मात्रांची द्रुत १७०ची होते. आवाजाचा पोतही बदलतो, तो बारीक आणि कोवळा वाटू लागतो. ‘त्या काळी सगळे उंच पट्टीत गात’ किंवा ‘त्यांची तान विजेसारखी होती’ अशी विधाने ऐकली की आधी फेऱ्यांची चौकशी करावी. विधान खरेही असू शकते. वेग ठरवल्याशिवाय मात्र ते सिद्ध होत नाही.

वेग ठरवायचा कसा? तबकडी आधी ७८ने लावून षड्ज पेटीवर शोधावा. साथीला पेटी असेल तर गायकाचा षड्ज बहुधा कुठल्यातरी पट्टीवर नेमका असणार. तो दोन पट्ट्यांच्या मधे पडत असेल तर वेग चुकला आहे असा दाट संशय घ्यावा. संशयच, कारण त्या काळच्या सगळ्या पेट्या आजच्या मापाला मिळवलेल्या नव्हत्या. मग शेवटची पुकार ऐकावी. गाताना माणूस आवाज बदलतो, बोलताना तितका नाही. बोलणे चिरके वाटले तर वेग उतरवावा, जड आणि घोगरे वाटले तर चढवावा. तिसरा आणि सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे त्याच बैठकीतल्या शेजारच्या तबकड्या. साज एकदा लावला की त्या दिवशीच्या चार-सहा चिजा बहुधा एकाच षड्जात होतात. तिन्ही पुरावे एका आकड्याकडे बोट दाखवत असतील तर तो आकडा धरावा.

वेगाची चूक तबकडीभर सारखी असेल तर स्वरांमधली अंतरे बिघडत नाहीत, सगळे गाणे एकदम वर किंवा खाली सरकते एवढेच. खरा घात करतो तो चालता चालता बदलणारा वेग. कोरताना यंत्र हळूहळू मंदावले असेल, तर आज स्थिर वेगाने ऐकताना षड्ज हळूहळू चढत जातो. ७८ आणि ७९ यांत फक्त एका फेऱ्याचा फरक, पण स्वरात तो सुमारे २२ सेंटचा होतो (पेटीची एक पट्टी म्हणजे १०० सेंट), म्हणजे जवळजवळ एका प्रमाणश्रुतीइतका, श्रुतींमधल्या सर्वांत लहान अंतराइतका. सुरुवातीचा गंधार शेवटच्या षड्जाशी ताडून ‘इथे गंधार उतरा लावला आहे’ असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. स्वर मोजायचा तर त्याच क्षणी वाजणाऱ्या तंबोऱ्याशी किंवा पेटीशी मोजावा.

दुसरा फसवा दोष मधल्या भोकाचा. भोक नेमके मध्यावर नसेल तर प्रत्येक फेऱ्याला स्वर एकदा वर आणि एकदा खाली जातो. ७८ फेऱ्यांना सेकंदाला १.३ वेळा. एक मिलिमीटरची चूक बाहेरच्या कडेला दोन्ही बाजूंना सुमारे १४ सेंट हलवते, लेबलजवळच्या आतल्या चरांत, म्हणजे सुई चालते त्या खाचांत, तीच ३४ सेंटपर्यंत जाते. लांबवलेल्या स्वरावर हे हेलकावे हुबेहूब आंदोलनासारखे, गायकाने मुद्दाम स्वर हलवल्यासारखे, वाटतात. दरबारीचा गंधार अभ्यासायला घेतला आणि हा दोष ओळखला नाही तर अभ्यास वाया गेला. ओळखायची खूण: पेटीही तशीच डोलते का ते पाहावे. पेटी आंदोलन घेत नाही. उपाय म्हणजे तबकडी भोकात किंचित सरकवून सुईचा दांडा स्थिर दिसेपर्यंत मध्य साधणे. भोक घट्ट असेल तर खुंटी काढता येणारे टर्नटेबल लागते.

१९२५नंतर मायक्रोफोन आणि विजेवरचे ध्वनिमुद्रण आले. अब्दुल करीम खाँसाहेबांचे ध्वनिमुद्रण या सीमेच्या दोन्ही बाजूंना झाले: विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ग्रामोफोन कंपनीसाठी भोंग्यासमोर, आणि १९३७मध्ये निधन होण्याआधीच्या काही वर्षांत ओडिअन कंपनीसाठी मायक्रोफोनसमोर. झिंझोटीतली ‘पिया बिन नाही आवत चैन’ आणि भैरवीतली ‘जमुना के तीर’ या दुसऱ्या टप्प्यातल्या. तरुणपणीचा आणि उतारवयातला आवाज ताडण्याची इतकी चांगली संधी क्वचित मिळते, आणि चुकण्याचीही. भोंग्याला खर्जाचा आणि अतितार भाग घेताच येत नसे; डग्गा जवळजवळ हरवतो, तंबोरा असून नसल्यासारखा होतो. जुन्या तबकडीवरचा आवाज बारीक वाटला तर त्यात वयाचा वाटा किती, भोंग्याचा किती आणि वेगाचा किती, हे वेगळे काढल्याशिवाय पुढे जाऊ नये.

विजेच्या ध्वनिमुद्रणाने एक नवी गुंतागुंत आणली. खालच्या स्वरांना चर फार रुंद लागतो, म्हणून कोरताना ते दाबून कोरत आणि वाजवताना तितकेच उचलत. अठ्ठ्याहत्तरच्या काळात हे दाबणे साधारण २५० ते ३०० हर्ट्‌झच्या खाली होत असे आणि वरच्या भागाला बहुधा हात लावत नसत. १९५४नंतर एलपीसाठी जे प्रमाण रूढ झाले त्यात खालचा भाग ५०० हर्ट्‌झपासून उचलतात आणि वरचा भाग १० हजार हर्ट्‌झला सुमारे १३.७ डेसिबलने उतरवतात. आजच्या अॅम्प्लिफायरमध्ये हेच बसवलेले असते. त्यातून लाखेची तबकडी वाजवली की सारंगीची धार जाते, आवाज डब्यातून आल्यासारखा होतो, आणि खरखर कमी झाली म्हणून ऐकणारा खूश होतो. इंटरनेटवरच्या कितीतरी फायली अशाच आहेत.

सुईचीही तीच कथा. लाखेच्या तबकडीत लाख थोडी, बाकी दगडाची भुकटी, काजळी आणि कापसाचे तंतू. ही भुकटी पोलादी सुईला घासून चराचा आकार देण्यासाठीच असे, म्हणून दर बाजूला नवी सुई लावायची पद्धत होती. ज्यांनी ती पाळली नाही त्यांच्या तबकड्या आज करड्या दिसतात. चर एलपीपेक्षा कितीतरी रुंद: एलपीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या १८ मायक्रॉन, तर इथे ६५ ते ७५ लागते. एलपीची सुई चराच्या तळाशी साचलेल्या घाणीत लोळते आणि सगळी खरखर उचलते. योग्य सुई, ३ ते ५ ग्रॅम भार आणि मोनो जोडणी, एवढ्यानेच निम्मा त्रास जातो. दोन-तीन जाडीच्या सुया असाव्यात. एका जाडीला झिजलेली चराची भिंत दुसरीला कोरी सापडते.

धुताना स्पिरिट कधीही वापरू नये, लाख त्यात विरघळते. ऊर्ध्वपातित पाणी, त्यात सौम्य साबणाचे थेंबभर द्रावण, मऊ ब्रश, लेबल कोरडे, आणि वाळवताना तबकडी उभी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बुरशी धरते, तीही अशीच निघते, पण चरात खोल गेलेली बुरशी कायमची सळसळ ठेवून जाते.

तबकडी कोणती हे ओळखायला लेबलवर विसंबू नये. रागाची नावे लेबलवर चुकलेली असतात, गायकांच्या नावांची स्पेलिंगे तर मनाला येतील तशी. लेबलावरचा क्रमांक विक्रीचा; एकच ध्वनिमुद्रण पुढे दुसऱ्या कंपनीने दुसऱ्या क्रमांकाने काढलेले असू शकते, जशी ओडिअनची ध्वनिमुद्रणे कोलंबियाच्या लेबलावर आली. खरा क्रमांक लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला असतो, तो मॅट्रिक्स क्रमांक. दोन तबकड्यांचा मॅट्रिक्स एकच असेल तर ध्वनिमुद्रण एकच. बैठकीची शेजारची गाणी शोधायची तीही याच क्रमांकावरून. ध्वनिमुद्रिकांचे अभ्यासक मायकेल किनिअर यांच्या सूचींमुळे आणि १९९०मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या कामामुळे आज हे क्रमांक जुळवता येतात. त्याआधी संग्राहक पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोर बाजारात हाती येईल ते घेत.

जे सापडतच नाही त्याचेही भान ठेवावे लागते. जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका नाही, भास्करबुवा बखल्यांची नाही. जयपूर घराण्याची तुलना त्यामुळे केसरबाई, मोगूबाई, मल्लिकार्जुन मन्सूर यांच्यापासून सुरू होते, आणि तीही दहा इंची तबकडीच्या तीन-साडेतीन मिनिटांत. विलंबित ख्याल त्यात मावत नाही; गायकाने मध्यलय धरली, आलाप आटोपता घेतला, ते घराण्याचे लक्षण नव्हे, तबकडीचे माप आहे. दोन बाजूंवर विभागलेली चीज सीडीवर जोडताना मधली जागा कापून टाकतात, तिथे आवर्तन मोडलेले असते. मात्रा मोजत ऐकणाऱ्याला ते लगेच खटकते.

हे माप एलपीने आणि टेपने सैल केले. अमीर खाँसाहेबांचा मारवा एलपीच्या एका बाजूवर जसा फुलतो तसा तो तीन मिनिटांत फुललाच नसता. आकाशवाणीवर १९४०पासून १९७०च्या दशकापर्यंत पेटीला बंदी होती, त्यामुळे तिथल्या जुन्या टेपवर पट्टीचा तो पुरावा नाही. मात्र टेपवर बहुधा विजेची बारीक घरघर असते, आणि ती ५० हर्ट्‌झची असायला हवी. ती ५१ला सापडली की टेप २ टक्के जलद चालली आहे, गाणे सुमारे ३४ सेंट चढे आहे. खाजगी मैफलींच्या स्पूलवरून कॅसेट, कॅसेटवरून कॅसेट असे हस्तांतर होत गेले तेव्हा दर यंत्राची एक-दोन टक्के चूक त्यात मिसळत गेली. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची बाजू पंचेचाळीसला संपते, म्हणून ऐन तानेत गाणे तुटते. अशी तुटलेली जागा दोन प्रतींत एकाच ठिकाणी असेल तर त्या एकाच कॅसेटच्या लेकी समजाव्यात, दोन स्वतंत्र पुरावे नव्हेत.

संगणकावर घेताना २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झ, आणि पहिली फाइल कोणतीही सफाई न करता जशीच्या तशी ठेवावी. खरखर काढणे, वेग सुधारणे हे सारे नकलेवर. वेग बदलताना स्वर आणि लय एकत्र हलवणारी रीत वापरावी. फक्त स्वर सरकवणारी रीत लय चुकीची ठेवते. फाइलसोबत मॅट्रिक्स क्रमांक, सुईची जाडी, वाजवताना धरलेले फेरे, इक्वलायझेशन (खालचा-वरचा भाग किती उचलला-उतरवला ते), आणि षड्ज कोणत्या पुराव्यावरून कुठे धरला ते लिहून ठेवावे.