कोकणातलं घर उन्हाळ्यात थंड ठेवणं

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारपट्टीत साधारण फेब्रुवारीअखेरपासून ते जूनचा पहिला पाऊस पडेपर्यंत घरातला उकाडा कमी व्हावा आणि लाइटचं बिलही आवाक्यात राहावं म्हणून छप्पर, भिंती, खिडक्या, अंगण, झाडं, पंखे यांच्या बाबतीत जे काही केलं जातं ते सगळं या विषयात येतं. यातलं बरंचसं जुन्या कौलारू घरांत आपोआपच होतं, नवीन स्लॅबच्या घरांत ते मुद्दाम करावं लागतं. विदर्भ-मराठवाड्यातले उपाय जसेच्या तसे उचलून इकडे आणले तर बरेचसे फसतात, कारण तिकडे त्रास कोरड्या उन्हाचा आणि इकडे घामाचा.

इथला उन्हाळा

मे महिन्यात रत्नागिरीत दुपारचं तापमान ३३ अंशांच्या आसपास असतं आणि पहाटेचं २६ वगैरे, आकडा ऐकून नागपूरचा माणूस हसेल. पण हवेतला दमटपणा ६५-७५ टक्के असतो, घाम येतो पण वाळत नाही, आणि अंग थंड होतं ते घाम वाळल्यामुळेच. हवामान खातंसुद्धा हा फरक धरतं, सपाट प्रदेशात उष्णतेची लाट म्हणायला कमाल तापमान निदान ४० लागतं, किनाऱ्यावर ३७ पुरतं (दोन्हीकडे ते सरासरीपेक्षा साडेचार अंश तरी जास्त असावं लागतं). मार्चची गोष्ट अजून वेगळी. पूर्वेकडून जमिनीवरचे कोरडे वारे जोरात असले की समुद्रावरचे खारे वारे सकाळी अकराच्या ऐवजी दुपारी एक-दोनला आत शिरतात आणि तेवढ्या वेळात पारा ३८-३९ ला जाऊन येतो. सह्याद्रीच्या पायथ्याला तर विचारू नका, रायगडातल्या भिऱ्याला मार्च २०१७ मध्ये ४६ च्या वर नोंद झाली तेव्हा देशभर बातमी झाली होती.

दुसरी गोष्ट म्हणजे सूर्य. मे महिन्यात तो कोकणात अगदी डोक्यावर येतो, सावंतवाडीकडे पहिल्याच आठवड्यात, रत्नागिरीत ८ मेच्या सुमारास, पालघरला १८-१९ तारखेला, आणि त्यानंतर भर दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला झुकलेला असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागतच नाही, सगळा मार छपरावर, आणि मग सकाळी पूर्वेच्या आणि संध्याकाळी पश्चिमेच्या भिंतीवर. खर्च कुठे करायचा हे इथेच ठरतं: आधी छप्पर, मग पश्चिम बाजू, बाकी सगळं नंतर.

चिरा, कौल आणि पडवी

चिऱ्याचं (जांभ्याच्या तासलेल्या दगडाचं) घर म्हणजे थंडच, असं सगळे म्हणतात. अर्धं खरं आहे. जांभा दगड सच्छिद्र असतो आणि भिंत जाड असते, त्यामुळे बाहेरची उष्णता आत यायला वेळ लागतो. पण वेळ लागतो म्हणजे ती येत नाही असं नाही, फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्री वीस अंशांवर उतरतात तेव्हा भिंत रात्रभरात निवून जाते, मेमध्ये रात्रही २६ ची, तेव्हा दिवसभर तापलेली भिंत नेमकी आपण जेवायला बसलो की आत उष्णता सोडायला लागते. जुन्या घरांत हे जाणवत नाही त्याचं श्रेय चिऱ्यापेक्षा पडवीला जास्त आहे, पुढे-मागे पडवी आणि तिच्यावर बरीच खाली उतरलेली पागोळी (छपराची कड) असल्यामुळे भिंतीला ऊन शिवतच नाही. आता कोणी पडवी काढून तिथे बेडरूम करतं आणि वर म्हणतं चिऱ्याचं घर असूनही गरम होतं.

छप्पर आधी गवताचं किंवा नळीच्या कौलांचं असायचं, मंगलोरी कौलं नंतर आली, बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना १८६५ साली काढला आणि पुढे ती अख्ख्या किनाऱ्यावर पसरली. कौलाची खुबी अशी की ते पातळ असतं, दुपारी तापतं पण सूर्य कलला की तासाभरात निवतंही, शिवाय कौलांच्या सांध्यांतून आढ्याजवळची गरम हवा बाहेर निघून जाते. दुपारी मात्र तापलेल्या कौलाची धग खाली लागते, त्यावर उपाय म्हणून लाकडी फळ्यांचा पोटमाळा. माळ्यावर नारळ, जुनी भांडी, गोधड्या असलं काहीबाही पडलेलं असतं आणि माजघर खाली गार राहतं. माळा काढून "उंच छान दिसतं" म्हणून उघडं कौल ठेवायची फॅशन होमस्टेवाल्यांनी आणली, फोटोला ठीक आहे, दुपारी एक ते चार तिथे झोपून दाखवा.

अंगणातला मांडव (सिंधुदुर्गात माटव) हा पण यातलाच भाग. पावसाळा संपला, खळं (अंगण) चोपून सारवून झालं की बांबू किंवा पोफळीचे वासे उभे करून वर झावळ्या नाहीतर विणलेले झाप टाकतात आणि पावसाच्या तोंडावर उतरवतात. सावली मिळते ती मिळतेच पण मोठा फायदा असा की अंगणाची जमीन तापत नाही आणि त्या जमिनीवरून येणारी झळ ओटीत घुसत नाही. हल्ली अंगणात पेव्हर ब्लॉक टाकतात, मांडव घालत नाहीत, मग संध्याकाळी सातला पण ओट्यावर बसवत नाही. झाप विणणारं कोणी नसेल तर नर्सरीवाले वापरतात ती हिरवी शेडनेट चालते, फक्त चांगली ताणून बांधायची.

स्लॅबचं घर आणि वरचा पत्रा

गावी बांधलेला चाकरमान्यांचा नवा बंगला बहुतेक स्लॅबचाच असतो. चार-पाच इंचाचं काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि आतल्या बाजूने सगळ्यात जास्त तापतं ते संध्याकाळी, बाहेर वारा सुटलेला असतो तेव्हा. वरच्या मजल्यावरच्या खोलीत रात्री नऊ-दहाला स्टुलावर चढून सिलिंगला तळहात लावला तर ते चांगलं कोमट लागतं, आणि पंखा तीच वरची गरम हवा खाली फेकत असतो, म्हणून "पंखा पाचवर आहे तरी गरमच वारा येतो" ही तक्रार.

यावरचा कोकणातला सगळ्यात कामाचा उपाय योगायोगाने आलेला आहे. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलून स्लॅब गळायला लागतो, मग लोक वैतागून गच्चीवर लोखंडी अँगल उभे करून पत्र्याची शेड मारतात, दिसायला बंगल्याच्या डोक्यावर गोदाम ठेवल्यासारखं दिसतं पण गळती थांबते आणि पुढच्या उन्हाळ्यात कळतं की खालच्या खोल्या पण गार झाल्या. कारण साधं आहे, ऊन पत्र्यावर थांबतं, मधल्या मोकळ्या जागेतून वारा ती उष्णता घेऊन जातो आणि स्लॅब सावलीत राहतो. अट एकच, बाजू उघड्या पाहिजेत. तिथे चारी बाजूंनी पत्रे मारून अडगळीची खोली केली की गरम हवा आत कोंडते आणि निम्मा फायदा गेला. आणि स्लॅब न घालता नुसता पत्रा थेट खोलीवर असेल तर त्याच्याइतकं वाईट छप्पर नाही, तिथे खाली फॉल्स सिलिंग आणि पत्र्याच्या आतून चंदेरी बबल शीट लावावीच लागते, तीही चकचकीत बाजू खाली ठेवून आणि शीट व सिलिंगच्या मध्ये हवेला जागा सोडून, कारण त्या चकाकीमुळेच तापलेल्या पत्र्याची धग खाली कमी उतरते.

शेडचा खर्च नको असेल तर गच्ची पांढरी करणं. चुन्यात थोडा फेविकॉल घालून दोन हात मारले की ऊन बरंचसं परत फिरतं, हे अगदी स्वस्तात होतं. पण इथे पावसाळ्यात शेवाळ धरून सगळं काळं-हिरवं होतं, त्यामुळे दर फेब्रुवारीत घासून पुन्हा मारावं लागतं. टिकाऊ हवं असेल तर तुटक्या पांढऱ्या टाइल्सचा चायना मोझॅक, तोही घासावा लागतोच पण पुन्हा करावा लागत नाही.

वारा कुठून, ऊन कुठून

किनाऱ्यावरच्या घराची खरी अडचण ही आहे की समुद्र पश्चिमेला, वारा पश्चिमेकडून आणि दुपारनंतरचं ऊनही पश्चिमेकडूनच. खिडकी बंद केली तर वारा गेला, उघडी ठेवली तर ऊन आत. त्यामुळे खिडकी उघडी ठेवून तिच्यावर बाहेरून सावली करायची, खोल छज्जा, पडवी, बांबूचे चिक, लाकडी पट्ट्यांची झडप, काहीही. आतून लावलेला जाड पडदा फारसा उपयोगाचा नाही, तोपर्यंत ऊन काचेतून आत आलेलं असतं आणि वर वाराही अडतो.

वारा आत आला तर त्याला बाहेर पडायला समोर वाट पाहिजे, नाहीतर तो येतच नाही. जुन्या घरात पुढच्या दारात उभं राहिलं की मागीलदारचा माड दिसायचा, ओटी-माजघर-मागची पडवी सगळी दारं एका रेषेत. अॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या इथे चुकीच्याच आहेत असं माझं मत, कितीही सरकवल्या तरी अर्धीच उघडते, कडीकोयंड्याची दोन झडपांची खिडकी पूर्ण उघडते. मच्छरजाळी लागतेच पण ती महिन्यातून एकदा धुवा, खाऱ्या हवेत धूळ चिकटून भोकं बुजतात. रात्री मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, ते जोराचे नसतात पण पूर्वेच्या खिडक्या उघड्या असतील तर पहाटे जाणवतात.

कूलर का चालत नाही

दरवर्षी कोणीतरी पुण्याहून कूलर घेऊन येतं. कूलर पाण्याचं बाष्प करून हवा थंड करतो आणि हवेत आधीच बाष्प भरलेलं असेल तर पाणी उडणार कुठे. ४३ अंश आणि १५ टक्के दमटपणा असलेल्या हवेत चांगला कूलर २५-२६ अंशांपर्यंत हवा उतरवू शकतो, ३४ अंश आणि ६५ टक्क्यांत मात्र २९-३० च्या खाली जाणं अवघड, आणि त्या बदल्यात खोली दमट होते, गाद्यांना वास येतो, कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरते. वाळ्याचे ओले पडदे, ओल्या चादरी हे सगळं त्याच जातीचं. वाळा माठात टाकावा, ते बरं.

पंखा आणि एसी

इथे घामावर खरा इलाज अंगावरून वाहणारा वारा, त्यामुळे पंखा हेच मुख्य यंत्र. तो खोली थंड करत नाही, माणसाला थंड करतो, म्हणून खोलीतून उठताना बंद करायचा. जुना पंखा ७०-७५ वॅट घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा फुल स्पीडला ३० च्या आसपास. दिवसाला १५ तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला २० युनिट वाचतात आणि घरात चार पंखे असतील तर ८०. महावितरणचा दर १०० युनिटनंतर एकदम वरच्या टप्प्यात जातो, त्यामुळे एवढ्या फरकाने बिल बरंच खाली येतं. २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं झालंय, घेताना बघता येतं. अजून एक, लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर हाच पंखा दुप्पट वेळ चालतो, आणि मे महिन्यात वळवाच्या पहिल्या वाऱ्यातच लाइट जाते हे सांगायला नको.

एसी लावायचाच असेल तर एकाच खोलीला लावा आणि ती खोली नीट बंद करा. कौलाखाली सिलिंग न करता एसी लावणं म्हणजे वाडी थंड करणं. इथे एसीची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते, ते टपकणारं पाणी बघूनच कळतं, त्यामुळे १८ वर लावून काही होत नाही, २६ वर लावून वर पंखा हळू फिरवला तरी दमटपणा गेल्यामुळे बरं वाटतं. स्टार लेबलवाल्या एसीला २०२० पासून २४ हे सुरुवातीचं सेटिंग असतं आणि प्रत्येक अंश वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं. पावसाच्या आधीच्या त्या गुदमरणाऱ्या दिवसांत एसीचा ड्राय मोड (मुख्यतः दमटपणा काढणारं सेटिंग) पुष्कळ वेळा पुरतो. समुद्राजवळ बाहेरचं युनिट खाऱ्या हवेने सडतं, तांब्याची कॉइल आणि त्यावर कोटिंग बघून घ्यावं, युनिट समुद्राच्या थेट तोंडावर न ठेवता आडोशाला ठेवावं आणि अधूनमधून साध्या पाण्याने धुवावं.

झाडं आणि सोलर

घराच्या पश्चिमेला फणस, आंबा असलं दाट झाड असेल तर ते कुठल्याही पडद्यापेक्षा चांगलं, माड-पोफळीची सावली विरळ असते पण खोड उंच असल्याने खालून वारा अडत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, दापोलीकडच्या कितीतरी वाड्या आडव्या झाल्या, कौलं उडाली आणि बऱ्याच घरांवर त्या जागी पत्रे आले, म्हणजे सावलीही गेली आणि छप्परही जास्त तापणारं आलं. पुन्हा लावलेला माड सावली देण्याएवढा व्हायला सहा-सात वर्षं जातात, तोवर पपई, केळ, वेलींचा मांडव यावर भागवावं लागतं. घरावर फांदी येईल इतक्या जवळ मोठं झाड मात्र नको.

सोलर पॅनलने वीज तर मिळतेच आणि गच्चीच्या तेवढ्या भागावर सावलीही पडते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार आणि ३ किंवा त्यापुढे ७८ हजार रुपये केंद्राचं अनुदान आहे. कोकणात पाहायच्या गोष्टी दोन, पॅनलवर माडाची सावली पडत नाही ना, आणि स्ट्रक्चर गॅल्वनाइज्ड (जस्ताचा थर दिलेलं) आहे ना. वादळाचा विचार करून बोल्ट नीट स्लॅबमध्ये घ्यावे लागतात, आणि ते करताना वॉटरप्रूफिंग फुटलं तर पुढच्या जुलैत खाली बादली लावायची वेळ येते, म्हणून हे काम मे महिन्याच्या घाईत न करता दिवाळीनंतर काढलेलं बरं.