ट्रकमधला दुसरा ड्रायव्हर

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम ९० मध्ये २०१८ पर्यंत एक अट होती. नॅशनल परमिटवर, म्हणजे राज्याबाहेर माल नेण्याच्या परवान्यावर, चालणाऱ्या ट्रकमध्ये किमान दोन ड्रायव्हर असले पाहिजेत आणि ड्रायव्हरच्या सीटमागे गाडीच्या पूर्ण रुंदीची अशी जागा असली पाहिजे, की जिथे दुसऱ्या ड्रायव्हरला अंग पसरून झोपता येईल. झोपेचा इतका सरळ उल्लेख आपल्या कायद्यांत फार कमी ठिकाणी सापडतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अधिसूचना काढून दोन ड्रायव्हरांची ही सक्ती रद्द केली. कळंबोलीच्या लोखंड बाजारात, भिवंडीच्या गोदामांत किंवा न्हावाशेवा बंदराच्या रांगेत आज परराज्यातून आलेल्या ट्रकमध्ये एकटाच माणूस दिसला, तर त्यात बेकायदा काही नाही. थकलेल्या ड्रायव्हरच्या हातून अपघात झाला की ‘ड्रायव्हरला डुलकी लागली’ या तीन शब्दांत बातमी संपते. ती डुलकी लागेपर्यंत त्याला कोणी, किती तास आणि कशासाठी चालवत ठेवले, हा प्रश्न मात्र आपल्याकडे १९३९ पासून विचारला गेला आहे आणि प्रत्येक टप्प्यावर थोडा थोडा विसरलाही गेला आहे.

मुंबईत मोटारगाड्यांची जुळणी १९२८ मध्ये शिवडीला सुरू झाली, तेव्हा लांबचा माल रेल्वेनेच जात असे आणि लॉरीचे काम बंदर, गोदाम आणि रेल्वे यार्ड यांच्यामधले होते. तिसाव्या दशकात लॉऱ्या रेल्वेचा धंदा खाऊ लागल्या. मिचेल-कर्कनेस यांचा अहवाल आणि त्यानंतरची वेजवुड समिती यांनी रस्ता आणि रेल्वे यांच्यातील स्पर्धेचा विचार केला आणि त्यातूनच १९३९ चा मोटार वाहन कायदा घडला. रेल्वेचे उत्पन्न राखणे हा त्याचा एक उघड हेतू होता. तरीही त्या कायद्याच्या कलम ६५ मध्ये एक गोष्ट नेमकी सांगितली होती. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला चोपन्न तास, यापलीकडे ड्रायव्हरने गाडी चालवायची नाही. त्याहून महत्त्वाची होती वाक्याची रचना. बंधन ‘ड्रायव्हरने चालवू नये’ असे नव्हते, तर ज्याच्या नोकरीत किंवा हुकमतीत ड्रायव्हर आहे त्याने ‘चालवायला लावू नये किंवा चालवू देऊ नये’ असे होते. जबाबदारी कोणाची, याचे उत्तर त्या एका क्रियापदातच दिलेले होते.

स्वातंत्र्यानंतर ट्रकांची संख्या वाढली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून डॉज आणि फार्गो, तर १९५४ पासून जमशेदपूरच्या टेल्कोतून (आजची टाटा मोटर्स) मर्सिडीज-बेंझचे ट्रक बाहेर पडू लागले. कारखान्यातून बहुधा नुसती चॅसी (चाके आणि इंजिनासह खालचा सांगाडा) येई आणि केबिन बांधण्याचे काम गावोगावचे बॉडीवाले करीत. लाकडी सांगाडा, वर पत्रा आणि दोन्ही सीटांच्या मध्ये इंजिनावरचे झाकण, अशी ती केबिन असे. त्या झाकणावर घडी घातलेली गोधडी टाकली की तीच दुसऱ्याची बसायची जागा आणि वेळ आली तर झोपायचीही. खालून इंजिनाची धग आणि समोरून काचेतून ऊन. उन्हाळ्यात दुपारी त्या केबिनमध्ये झोप लागते ती अंग गळून जाते म्हणून. नव्या अवजड वाहनांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे व्हायला २०२५ साल उजाडले.

संसदेने १९६१ मध्ये मोटार वाहतूक कामगार कायदा केला. कागदावर तो आजही चांगला वाटतो. दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास. लांब पल्ल्याच्या मार्गांवर परवानगीने दहा आणि चोपन्न. पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती, आठवड्याची सुट्टी, जादा कामाला दुप्पट मजुरी आणि रात्रीच्या मुक्कामी विश्रांतिगृह. पण हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांना लागू होता. पाचाच्या आतल्या उपक्रमांना तो लावण्याचा अधिकार राज्य सरकारांकडे होता, पण मूळ उंबरठा पाचाचाच राहिला. आपल्याकडे ट्रकधंद्याचा मोठा भाग एक, दोन किंवा तीन गाड्यांच्या मालकांच्या हाती आहे. कित्येकदा मालक स्वतःच ड्रायव्हर असतो आणि गाडीचा हप्ता फेडत असतो. एस.टी.च्या चालकाला या कायद्याचे संरक्षण मिळाले, कारण त्याच्यामागे महामंडळ होते, हजेरीपट होता, संघटना होती. ट्रकवाल्याचा हजेरीपट कोणी लिहायचा, हेच ठरलेले नव्हते.

मुंबईच्या संदर्भात इथे एक तुलना केल्यावाचून राहवत नाही. मशीद बंदर, दाणाबंदर, कर्नाक बंदर या भागांत ट्रक रिकामे करणाऱ्या हमालांची अवस्था साठच्या दशकात ड्रायव्हरपेक्षा वाईट होती. मालक कोण हे सांगता येत नसे, कारण आज या पेढीचे पोते तर उद्या त्या पेढीचे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यानंतर १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्याने मालक शोधत बसण्याऐवजी मंडळ स्थापून नोंदणी, मजुरी, भविष्यनिर्वाह निधी आणि सुट्ट्या यांची व्यवस्था त्या मंडळाकडे दिली. विखुरलेल्या धंद्यातही कामगाराची जबाबदारी निश्चित करता येते, हे याच शहराने देशाला दाखवले. मात्र फाळक्यावरून पोते उतरवणाऱ्याला मंडळ मिळाले आणि तेच पोते हजार किलोमीटर वाहून आणणारा, त्याच्यापासून पाच फुटांवर स्टिअरिंगवर डोके टेकून पडलेला ड्रायव्हर त्या व्यवस्थेबाहेर राहिला. माझ्या मते या इतिहासातली सर्वांत मोठी हुकलेली संधी हीच आहे.

नॅशनल परमिटची योजना १९७५ मध्ये आली आणि आंतरराज्य वाहतुकीला खरा वेग मिळाला. १९८८ च्या नव्या मोटार वाहन कायद्यात कलम ९१ ने कामाच्या तासांवरची मर्यादा कायम ठेवली; १९९४ च्या दुरुस्तीनंतर ते कलम त्यासाठी १९६१ च्या कायद्याकडे बोट दाखवू लागले. तास आधी ठरवून त्यांची नोंद ठेवायला मालकांना भाग पाडण्याचा अधिकारही त्या कलमाने राज्य सरकारांना दिला. दोन ड्रायव्हरांचा नियम त्याच काळातला. म्हणजे तास, नोंद आणि झोपायची जागा या तिन्ही गोष्टी नव्वदच्या दशकाच्या तोंडावर लिखित स्वरूपात तयार होत्या.

प्रत्यक्षात मुंबईकडे येणाऱ्या ट्रकचे वेळापत्रक कायद्यापेक्षा नाक्यांनी ठरवले. २०१७ पूर्वी रात्री मुलुंड किंवा दहिसर जकात नाक्यावरून गेलेल्यांना ती रांग आठवत असेल. पुढची गाडी दहा फूट सरकली की क्लीनर उतरून ड्रायव्हरच्या बाजूची दारे बडवी, ड्रायव्हर डोळे न उघडताच पहिला गिअर टाकी, गाडी दहा फूट पुढे नेई आणि पुन्हा मान टाकी. असे चार-चार तास चाले. या वेळेला ना काम म्हणत, ना विश्रांती. वस्तू आणि सेवा कर लागू झाला तेव्हा, १ जुलै २०१७ ला, मुंबईची जकात गेली. पण बंदरात, गोदामाच्या दाराशी आणि बाजार समितीच्या आवारात गाडी खाली होईपर्यंत थांबणे गेले नाही. त्यात शहरातील अवजड वाहनांच्या प्रवेशाच्या वेळांची भर पडते. दिवसा आणि गर्दीच्या वेळी बंदी असल्यामुळे ट्रकला रात्रीच शहराच्या वेशीवर पोहोचावे लागते. मुंबईकरांच्या दृष्टीने ही बंदी रास्त आहे. पण तिचा परिणाम असा की बोरघाट आणि कसारा घाट ओलांडण्याची वेळ मध्यरात्रीनंतर येते, आणि रात्री दोन ते पहाटे पाच हा माणसाच्या शरीराला झोप अनावर होण्याचा काळ असतो.

जागरणाचे मोजमापही झालेले आहे. ऑस्ट्रेलियातील ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले, की सलग सतरा तास जागलेल्या माणसाची हालचालींवरील पकड रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी ढासळते. आपल्याकडे मद्यपान करून वाहन चालवण्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. सकाळी आठला उठून दिवसभर भरणीसाठी उभा राहिलेला ड्रायव्हर रात्री एक वाजता घाटात असतो, तेव्हा त्याला जागून सतरा तास झालेले असतात. नाक्यावरचा पोलीस त्याच्या तोंडाला यंत्र लावील आणि यंत्र शून्य दाखवील.

तो थांबत का नाही, याचे उत्तर पैशात आहे. पगार बहुधा फेरीवर असतो, किंवा मासिक पगारासोबत फेरीचा भत्ता असतो. गाडी उभी राहिली की त्याची कमाईही उभी राहते. दिल्ली ते मुंबई सुमारे १,४०० किलोमीटर. ताशी सरासरी ४० किलोमीटर धरली तर आठ तासांच्या दिवसाने चार दिवसांहून अधिक लागतात. हुंडेकऱ्याने, म्हणजे मालवाहतुकीचा ठेका घेणाऱ्याने, माल तिसऱ्या दिवशी पोहोचवण्याचा शब्द दिला, तर रोज जवळपास बारा तास स्टिअरिंगवर बसल्याशिवाय तो शब्द पाळता येत नाही, आणि भरणी, रांग, पंक्चर, जेवण हे सगळे त्या बारा तासांच्या बाहेरचे. रस्त्याकडेला गाडी लावून झोपावे, तर डिझेल, बॅटरी आणि ताडपत्रीखालचा माल यांची राखणही त्यालाच करायची असते. त्यामुळे मिळते ती झोपही एक कान उघडा ठेवून घेतलेली.

अशा स्थितीत २०१८ साल आले. त्या वर्षीच्या जुलैमध्ये ट्रकच्या प्रत्येक ॲक्सलवर चालणारा कायदेशीर भार २० ते २५ टक्क्यांनी वाढवण्यात आला आणि नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या ड्रायव्हरची सक्ती गेली. ड्रायव्हरांचा तुटवडा खरा होता आणि मालवाहतुकीचा खर्च कमी करण्याची गरजही खरी होती, हे मान्य केले पाहिजे. दुसरा ड्रायव्हर पुष्कळ गाड्यांत आधीपासूनच नव्हता, त्याच्या जागी क्लीनर होता, हेही खरे. पण नियम मोडला जातो म्हणून तो काढून टाकताना त्याच्या जागी तासांची नोंद सक्तीची करता आली असती. नॅशनल परमिटच्या गाड्यांना त्याच वेळी गाडीचा माग ठेवणारे यंत्र आणि फास्टॅग बंधनकारक झाले. गाडी कुठे उभी आहे हे मालकाला बसल्या जागी दिसू लागले आणि ‘गाडी का थांबवली?’ असा फोन करणे सोपे झाले. त्याच यंत्राचा उपयोग ‘आता थांब’ असे सांगण्यासाठी करणारेही काही मोठे वाहतूकदार आहेत, पण तो त्यांचा चांगुलपणा आहे, कायद्याची सक्ती नाही.

अपघातांच्या सरकारी आकडेवारीत हा सगळा भाग दिसत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०१५ च्या अहवालात ७७.१ टक्के अपघात ‘ड्रायव्हरची चूक’ या एका रकान्यात घातले होते. नंतरच्या अहवालांत अतिवेग, मद्यपान, उलट दिशेने वाहन चालवणे, सिग्नल तोडणे, मोबाइलचा वापर असे रकाने आले. थकव्याला किंवा झोपेला स्वतंत्र रकाना नाही. झोपलेल्या माणसाची गाडी वेगात असतेच, म्हणून अपघात अतिवेगात मोजला जातो किंवा ‘इतर’मध्ये जातो. देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली किती झोपेपायी, हे त्या तक्त्यांतून काढता येत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ पासून मृत्यू शून्यावर आणण्याची मोहीम राबवली गेली आणि त्या वर्षीचे १५१ मृत्यू २०१९ मध्ये ९२ वर आले. तिथे एकेका अपघाताची कारणे तपासली गेली, कडेला उभ्या राहिलेल्या ट्रकांकडे लक्ष दिले गेले. समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, तेव्हा शेकडो किलोमीटर सरळ रस्ता होता, पण थांबून झोपावे अशा सोयी जवळजवळ नव्हत्या. १ जुलै २०२३ रोजी बुलढाणा जिल्ह्यात खासगी बस पेटून २५ प्रवासी गेले, त्यानंतर ‘महामार्ग संमोहन’ (लांब सरळ रस्त्यावर चालकाला येणारी गुंगी) हा शब्द मराठी वृत्तपत्रांत सर्रास दिसू लागला. शब्द उपयोगी आहे, पण त्याने दोष रस्त्याच्या सरळपणावर जातो आणि चालकाच्या आधीच्या चोवीस तासांचा हिशेब पुन्हा बाजूला राहतो.

जबाबदारीचा लोलक किती एका बाजूला गेला आहे, हे जानेवारी २०२४ मध्ये दिसले. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये, अपघातात मृत्यू घडवून पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. जुन्या कलम ३०४अ खाली निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास कमाल शिक्षा दोन वर्षे होती. देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या, मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोंतून टँकर निघेनात आणि मुंबईत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. संहिता १ जुलै २०२४ रोजी लागू झाली, पण ही तरतूद स्थगित ठेवली गेली. जखमीला सोडून पळणे समर्थनीय नाहीच. पण त्या वादात जमावाच्या माराची भीती आणि शिक्षेचा कालावधी यांवरच बोलणे झाले. अपघातानंतर भरपाई विमा कंपनी देते, फौजदारी गुन्हा ड्रायव्हरवर नोंदतो आणि तीन दिवसांत पोहोचण्याचा शब्द देणारा या दोन्हींतून बाहेर राहतो, यावर क्वचितच कोणी बोलले. ऑस्ट्रेलियात माल पाठवणारा, भरणारा, वेळापत्रक आखणारा आणि घेणारा या सर्वांना ड्रायव्हरच्या थकव्यासाठी जबाबदार धरणारा कायदा आहे. युरोपीय संघात साडेचार तासांनंतर पंचेचाळीस मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे आणि ती पाळली की नाही हे गाडीतील टॅकोग्राफ नोंदवतो.

आपल्याकडे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०२१ मध्ये वैमानिकांप्रमाणे ट्रकचालकांचेही तास निश्चित करण्याची गरज मांडली. १९६१ चा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रस्ते सुरक्षेच्या प्रकरणात केंद्राला राज्यांच्या बैठका घेऊन चालकांच्या कामाच्या तासांची अंमलबजावणी कशी करणार हे ठरवायला सांगितले. म्हणजे १९३९ मध्ये जे लिहिले गेले, ते पाळायचे कसे यावर शहाऐंशी वर्षांनी बैठक. त्या बैठकांसाठी लागणारी माहिती फार दूर नाही. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर फास्टॅग चारचाकी आणि त्याहून मोठ्या सर्व वाहनांना सक्तीचा असल्यामुळे मुंबईत शिरणारा प्रत्येक ट्रक वाटेतल्या कोणत्या टोलनाक्यावरून किती वाजता गेला, याची मिनिटागणिक नोंद आपोआप होते. त्या नोंदीत गाडीचा क्रमांक असतो, तिचा वर्ग असतो आणि कापलेली रक्कम असते. गाडी कोण चालवत होता हे लिहायला त्यात जागा नाही.