घरजावई राष्ट्राध्यक्ष आणि सुतळीचा गुंडा

२०२६ मध्ये अमेरिकेत गाडी काढून भटकायला दोन निमित्तं एकदम जुळून आली आहेत. ४ जुलैला देशाच्या स्वातंत्र्याला २५० वर्षं होतात आणि शिकागोहून लॉस एंजेलिसकडे जाणारा रूट ६६ नोव्हेंबरात शंभरी गाठतो. या भटकंतीचा एक जुना, लाडका प्रकार म्हणजे राष्ट्राध्यक्षांची घरं बघत जायचं आणि वाटेत जे काही विचित्र दिसेल तिथे ब्रेक मारायचा. सकाळी थोर पुरुषाचा पलंग, दुपारी जगातला सर्वांत मोठा सुतळीचा गुंडा. जोडी विजोड वाटते, पण दोघांचं पोट एकाच गोष्टीवर चालतं: जाणारा माणूस थांबला पाहिजे.

सुरुवात गाड्यांच्या आधीची आहे. १८५३ साली दक्षिण कॅरोलायनातली एक बाई बोटीतून पोटोमॅक नदीने चालली होती. चांदण्यात तिला काठावरचं जॉर्ज वॉशिंग्टनचं घर, माउंट व्हर्नन, दिसलं. रंग उडालेला, आणि पुढचा ओटा कोसळू नये म्हणून जहाजाच्या डोलकाठ्यांचे टेकू दिलेले. तिने मुलीला पत्र लिहिलं. घराचा वारस ते विकायला तयार होता, पण केंद्र सरकारने हात वर केले आणि व्हर्जिनिया राज्यानेही. मग ही मुलगी, ॲन पामेला कनिंगहॅम, हिने बायकांची संघटना काढली, गावोगावी वर्गणी जमवली आणि १८५८ मध्ये दोन लाख डॉलरला सौदा केला. त्या बायकांना मताचा अधिकार मिळायला अजून सहा दशकं होती. माउंट व्हर्नन आजही त्याच संघटनेच्या ताब्यात आहे.

तिसरा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन, त्याच्या मॉन्टिसेलो या घराची कथा इतकी गोड नाही. १८२६ मध्ये तो गेला तेव्हा डोक्यावर प्रचंड कर्ज होतं. ते फेडायला पुढच्या जानेवारीत सुमारे १३० गुलाम माणसांचा लिलाव पुकारला गेला, नंतर घरही गेलं. ते पडण्यापासून वाचवलं नौदलातल्या उरिया लेव्ही या ज्यू अधिकाऱ्याने. १९२३ मध्ये तिथे संग्रहालयाची तयारी सुरू झाली, पण कितीतरी वर्षं पाहुण्यांना सांगताना गुलामांचा उल्लेख ‘नोकर’ असाच व्हायचा. जेफरसनची गुलाम आणि त्याच्या मुलांची आई असलेल्या सॅली हेमिंग्जच्या आयुष्यावरचं दालन उघडायला २०१८ उजाडलं.

आणि खरेपणाचं म्हणाल, तर केंटकीतल्या लिंकनच्या जन्मस्थळी जाच. ५६ वर्षांच्या आयुष्याच्या ५६ पायऱ्या चढून ग्रॅनाइटच्या देवळासारख्या वास्तूत शिरलं की गाभाऱ्यात एक लाकडी खोपटं. हे खोपटं आधी जत्रा-प्रदर्शनांतून फिरवलं गेलं, गोदामात त्याचे ओंडके यादवी युद्धातल्या बंडखोर दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याच्या म्हणून मिरवणाऱ्या खोपट्याच्या ओंडक्यांत मिसळले, शेवटी वास्तूत बसावं म्हणून ते छाटलंही. लिंकन जन्मला १८०९ मध्ये. लाकडाच्या वलयांवरून ही झाडं तोडली गेली १८४० च्या दशकात. आता त्याला अधिकृतपणे ‘प्रतीकात्मक’ म्हणतात. हायवेवरच्या सिमेंटच्या डायनासोरला हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

घरं आणि रस्ते यांची गाठ ज्याच्यात पडते तो माणूस हॅरी ट्रूमन. राजकारणात मोठा होण्याआधी, १९२६ पासून, तो ‘नॅशनल ओल्ड ट्रेल्स रोड’ या संघटनेचा अध्यक्ष होता. जुन्या वाटा जोडून किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत पक्का रस्ता व्हावा म्हणून ही मंडळी झटत होती. त्यातला पश्चिमेचा बराच भाग पुढे रूट ६६ मध्ये गेला. १९५३ मध्ये पायउतार झाल्यावर ट्रूमनला राष्ट्राध्यक्ष म्हणून पेन्शन नव्हतं, सुरक्षारक्षक नव्हते. त्या उन्हाळ्यात पत्नी बेसला शेजारी बसवून त्याने स्वतःची क्रायस्लर काढली आणि मिझुरीतल्या इंडिपेंडन्सहून वॉशिंग्टन, न्यूयॉर्क करून परत आला. मोटेलमध्ये राहायचं, रस्त्यालगतच्या खानावळीत जेवायचं. पेनसिल्व्हेनियात पोलिसाने गाडी अडवली, कारण स्वारी डावी लेन अडवून रमतगमत चालली होती. माजी राष्ट्राध्यक्षांच्या पेन्शनचा कायदा झाला १९५८ मध्ये.

इंडिपेंडन्समधलं त्याचं घर मुळात सासुरवाडीचं. आपल्याकडे त्याला सरळ घरजावई म्हटलं असतं. दिवाणखान्याच्या वाटेवर त्याची हॅट आणि कोट अजून खुंटीला आहेत, आणि माझ्या मते कुठल्याही ग्रॅनाइटच्या देवळापेक्षा ते जास्त बोलतात.

ट्रूमन ज्या वर्षी गाडी हाकत होता, त्याच वर्षी कॅन्ससातल्या कॉकर सिटीच्या एका शेतकऱ्याने गवताच्या भाऱ्यांची उरलेली सुतळी गुंडाळायला घेतली. १९६१ मध्ये त्याने तो गुंडा गावाला दिला. गाव दर ऑगस्टमध्ये त्यात भर घालतं. मिनेसोटातलं डार्विन गाव मात्र ‘एकट्या माणसाने गुंडाळलेला सर्वांत मोठा आमचाच’ म्हणून ठाम आहे.

अशा गावांच्या पोटावर पाय आला तो ट्रूमननंतरचा राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर याच्या रस्त्यांमुळे. १९१९ मध्ये तरुण अधिकारी असताना तो लष्करी ताफ्याबरोबर वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला गेला. ६२ दिवस लागले, वेग सरासरी ताशी सहा मैल. ते त्याच्या मनात राहिलं. १९५६ मध्ये त्याने ४१,००० मैलांच्या इंटरस्टेट, म्हणजे राज्याराज्यांना जोडणाऱ्या महामार्गांच्या, जाळ्याच्या कायद्यावर सही केली आणि नवे रस्ते गावांना वळसा घालून निघाले. रूट ६६ वरची कित्येक मोटेलं ओस पडली.

साउथ डकोटातलं वॉल ड्रग मात्र टिकलं. १९३१ मध्ये घेतलेलं औषधाचं दुकान, गिऱ्हाईक नाही. १९३६ च्या उन्हाळ्यात मालकाच्या बायकोला सुचलं: तहानलेल्या प्रवाशांना बर्फाचं पाणी फुकट, तशा पाट्या रस्त्यावर लावा. थोडक्यात, पाणपोई. गाड्या वळायला लागल्या त्या आजतागायत. पुढे पाट्या इतक्या बोकाळल्या की १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सनच्या पत्नी लेडी बर्ड यांच्या आग्रहाने हायवेकडेच्या होर्डिंगांना आवर घालणारा कायदा आला. टेक्ससमधलं जॉन्सन दांपत्याचं रँचही आता बघायला खुलं आहे.

दोन्ही वाटा एकत्र आणायचा प्रयत्न व्हर्जिनियात विल्यम्सबर्गजवळ झाला. वॉशिंग्टनपासून धाकट्या बुशपर्यंत सगळ्यांची सिमेंटची मुंडकी, एकेक दोन मजली घराएवढं, असं उद्यान २००४ मध्ये उघडलं. जागा एका मोटेलच्या मागे, मुख्य पर्यटनस्थळापासून जरा आडबाजूला. २०१० मध्ये ते बंद पडलं. मुंडकी फोडून टाकायचं काम ज्याला दिलं, त्याला ते जिवावर आलं. त्याने ती आपल्या शेतात नेऊन ठेवली. कुणाचं नाक तुटलेलं, लिंकनच्या डोक्याला मागून भोक. आता लोक ती बघायला मुद्दाम वाट वाकडी करून येतात.